हातात राहू दिलेली सुई

सप्टेंबरची अकरा तारीख. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस, आणि माझ्यापुढे सोळा भाज्यांचा ढीग. अकोल्याला थोरल्या जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी कोहळ्याच्या फोडी करत होते. सोळाच्या सोळा होतात की नाही हे सासूबाई दारात खुर्ची टाकून बघत होत्या.

आमच्यात महालक्ष्म्या थोरल्याकडेच बसतात. मी दरवर्षी अमरावतीहून आदल्या दिवशी येते, भाज्या चिरते, पानं वाढते आणि तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या की ड्यूटीवर परत. त्या वर्षी वॉर्डात माणसं कमी होती, नवऱ्यालाही रजा नव्हती, म्हणून मी एकटीच जेवणाच्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं आले, अंघोळ केली आणि विळीवर बसले. मी एका खासगी दवाखान्यात वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर आहे. त्या घरात मात्र लहानी सून. लहान्या सुनेनं पुरणाला हात लावायचा नसतो. मला त्याचं वाईट वाटत नाही, पुरण वाटायचं काम मोठं असतं.

जाऊबाई न्हाणीतून बाहेर आल्या. डोक्यावरून अंघोळ, केसांतून पाणी गळतंय, अंगावरचं पातळही ओलंच. नैवेद्याचा स्वयंपाक आमच्याकडे असाच होतो. डाव्या हाताला मनगटाच्या वरपर्यंत पॉलिथिनची पिशवी होती आणि तिला दोरा गुंडाळलेला.

"हे काय, ताई?"

"सुई हाय. तू आल्याआल्या सुरू नोको होऊ."

त्यांना शुगरचा त्रास. आठवड्यापूर्वी थंडी वाजून ताप आला, लघवीचं इन्फेक्शन निघालं आणि घराजवळच्या दवाखान्यात भरती केलं. हे मला फोनवर कळलं होतं. ताप उतरला, पण इंजेक्शनं संपायची होती. तेवढ्यात महालक्ष्म्या आल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी खंड पडू दिला नव्हता. नवव्या महिन्यातसुद्धा भिंतीला पाठ लावून पुरण वाटलं होतं, हे त्या स्वतःच सांगत. त्यांनी डॉक्टरांकडे रदबदली केली, वर त्यांनाच प्रसादाचं आमंत्रण दिलं. मग ठरलं असं की घरी जायचं, सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं. सुई हातात राहू द्यायची.

लोक तिला सुई म्हणतात. खरी सुई टोचल्यावर लगेच बाहेर निघते. आत राहते ती मऊ प्लॅस्टिकची नळी, तिचं एक टोक शिरेत आणि दुसरं बाहेर, त्याला बूच. वरून चिकटपट्टी. ही पट्टी ओली झाली की कडेनं सुटते आणि आपल्याच कातडीवरचे जंतू नळीच्या अंगानं आत उतरतात. तिथून पुढे रक्तच आहे. उपाय साधा आहे. गरज नसेल तर नळी काढायची. ठेवायची तर कोरडी ठेवायची, रोज बघायची, हात धुतल्याशिवाय बुचाला हात लावायचा नाही. एवढंच सगळ्यांकडून रोजच्या रोज करवून घेण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

आमच्या वॉर्डातून शेंदूरजनाघाटचा एक संत्र्याचा व्यापारी सुईसकट बागेचा सौदा करायला गेला होता. संध्याकाळी परत आला तेव्हा पट्टीवर माती आणि बुचाला झाडाचं पान चिकटलेलं. "सिस्टर, पाहा, तुमची सुई सांभाळून आनली," म्हणाला, जशी काही मी त्याला उसनी दिली होती. त्याला काहीही झालं नाही. बहुतेकांना होत नाही, आणि म्हणून माझं कोणी ऐकत नाही.

मी विळी आडवी केली, हात धुतले आणि जाऊबाईंच्या हाताचा दोरा सोडायला लागले.

"तिले शिवू नोको, लहाने," सासूबाई म्हणाल्या. "सोवळ्यात हाय ती."

"मीही अंघोळ करूनच बसले आहे."

पिशवीत पाणी शिरून साचलं होतं. पट्टी पांढरी फुगलेली, दोन बाजूंनी उचललेली. नळी जिथं आत जाते तिथं लालभडक गोल. जरा दाबलं तर पिवळा थेंब आला. मनगटावरून कोपराकडे लाल रेघ निघाली होती आणि शीर सुतळीसारखी कडक लागत होती.

"दुखते का?"

"सनकते जराशी. रातीपासून."

"सकाळी इंजेक्शन घ्यायला गेलात तेव्हा सांगितलं नाही?"

"गेलीच कुठं मी सकाळी? दोन्ही वेळचं सांजच्यालेच घेईन म्हटलं. आज जाऊ का मी? आज?"

"ही काढते मी."

त्यांनी हात मागे घेतला. "नोको. त्या पोरीनं किती जागी टोचलं, तवा ही एक शीर सापडली. हे पाय." उजवा हात पुढे केला. कोपरापासून खाली काळेनिळे डाग. "तुमा सिस्टर लोकायले दुसऱ्याचा हात म्हंजे भरताचं वांगंच वाटते."

"वांगं नासलं की फेकतो ना आपण?"

त्या हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. "आत्ता काढू नोको वं," म्हणाल्या. "नैवेद्य होऊ दे, मंग काय करायचं ते करा."

मी काढली. पर्समध्ये कापूस आणि स्पिरिट असतंच. नळी सरकन आली, तिच्यामागे थोडा पू आणि रक्त. मी कापूस दाबेपर्यंत दोन थेंब फरशीवर पडले, पुरणाच्या पातेल्यापासून हातभर अंतरावर.

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. त्या सहसा उठत नाहीत, गुडघे धरतात. "सोवळ्यात रगत सांडलं," एवढंच म्हणाल्या आणि देव्हाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मग फरशी धुतली, गोमूत्र शिंपडलं. जाऊबाईंनी पुन्हा डोक्यावरून अंघोळ केली. मी नको म्हणत असताना केली. त्यांच्या सुनेनंही केली. ही सून नवी, दोन वर्षांपूर्वी आलेली, नांदगाव खंडेश्वरची पोरगी, कमी बोलणारी. नैवेद्याला उशीर होणार हे नक्की झालं आणि तो माझ्यामुळे होणार हेही.

मी अंगणात जाऊन त्या दवाखान्यात फोन लावला. लगेच घेऊन या, असं तिथल्या सिस्टरनं सांगितलं. मांडवात भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, पाट मांडून घेत होते. त्यांना म्हटलं, ताईंना आत्ताच्या आत्ता न्यायला हवं.

"ताप हाय का?"

"नाही."

"मंग?"

"येईल. हातात पू आहे, रेघ वर चढली आहे."

ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी पाट खाली ठेवला, आत जाऊन बायकोला विचारलं. आतून आवाज आला, "मी काही मरून नाई राहिली. नैवेद्य दाखोतो अन् येतो. पहिली पंगत बसू द्या." ते बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिली पंगत उठली की नेतो." ताप नाही म्हटल्यावर माझ्या बोलण्याला त्या घरात वजन उरलं नव्हतं. जाऊबाईंना उचलून नेणं काही माझ्या हातात नव्हतं. मी कोहळ्याच्या उरलेल्या फोडी केल्या आणि त्यांना दर थोड्या वेळानं पाणी पाजत राहिले.

नैवेद्य झाला. आरती झाली. पंगत बसली. घरच्या बाईनं तूप वाढायचं असतं, म्हणून तुपाचं भांडं घेऊन त्या पहिल्या पानापासून निघाल्या. मी त्यांच्या मागे कढी घेऊन होते, त्यामुळे मला आधी दिसलं. चौथ्या-पाचव्या पानाशी तूप पोळीवर न पडता पाटावर पडलं. पुढच्या पानाशीही. मग त्यांचा हात, खांदा, सगळं अंग थडथडायला लागलं आणि दात वाजायला लागले. भांडं मी घेतलं. "थंडी काहून वाजून राहिली इतकी," त्या मला म्हणाल्या, अगदी हळू, पानावरच्या माणसांना ऐकू जाऊ नये म्हणून.

शेजारचे फर्निचरवाले भाई दरवर्षी प्रसादाला येतात. ते पानावरून उठले. "भाभी, गाडी निकालता मैं. पान मेरा वैसाच रहने दो, आके खाता." भासऱ्यांनी बायकोला मागच्या सीटवर बसवलं, मी तिच्या शेजारी बसले. भाईंचा हात खरकटाच होता, त्यांनी तो रुमालाला पुसून स्टेअरिंग धरलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी हात बघितला आणि विचारलं, "सुई कोणी काढली?"

"मी. सकाळी."

"बरं केलं. अजून लवकर निघायला हवी होती."

मी म्हटलं, "दिसली तेव्हाच काढली." त्यांनी मान हलवली. हे बोलणं ऐकायला आमच्या दोघींशिवाय कोणी नव्हतं.

दोन्ही हातांतून तपासणीला रक्त घेतलं. रक्तदाब उतरत होता. संध्याकाळपर्यंत त्यांना आयसीयूत हलवलं आणि मानेच्या शिरेत जाड नळी घालायचं ठरलं, कारण हाताच्या शिरा हाती लागेनात आणि रक्तदाब वाढवायचं औषध बारीक नळीतून देण्यासारखं नसतं. ज्या वाटेनं जंतू आत गेले, तसलीच आणखी एक वाट, आधीपेक्षा रुंद. दुसरा इलाज नव्हता. काचेतून मी बघत होते. डॉक्टरीणबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन घातला, पायापर्यंत मोठी हिरवी चादर पसरली. नाव ठेवायला जागा नव्हती. मला त्या चादरीचं इतकं बरं वाटलं की मी खुर्चीवर बसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठवायच्या होत्या. दुपारी सून आयसीयूत भेटायला आली. पदराच्या गाठीत कागदाची पुडी.

"काय आहे त्यात?"

"अंगारा. आजीनं देल्ला. गळ्याले लावजो म्हने, जिथं टोचलं तिथं."

तिनं चिमूट घेतलीही होती. मी तिचं मनगट धरलं.

"मानेकडे जाऊ नकोस. आधी हात धू, मग कपाळाला लाव. देवीला कपाळ चालतं."

तिनं ऐकलं, तसंच केलं. पण घरी जाऊन विचारल्यावर खरं सांगितलं असणार, कारण संध्याकाळी घरून फोनवर भासऱ्यांच्या मागून सासूबाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "अंगाराबी आडोला तिनं."

मी रजा वाढवून घेतली आणि त्या बेडपाशी राहिले. तिथल्या मुली कामाच्या होत्या. एखादी घाईत बूच न पुसता सिरिंज लावायला जायची, मी नुसतं बघितलं तरी थांबायची. मला तिथं कोणी पगार देत नव्हतं, त्यामुळे मी कोणाला बोलले नाही, फक्त बघत बसले.

जाऊबाई अधूनमधून शुद्धीत असत. एकदा डोळे उघडून त्यांनी विचारलं, "महालक्ष्म्या उठल्या?"

"उठल्या."

"कोनं उठोल्या?"

"सुनेनं."

"अक्षदा नीट टाकल्या का? ती पोरगी भिते."

"नीट टाकल्या म्हणे." मी तिथं नव्हते, पण त्या वेळी हे उत्तर पुरेसं होतं.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुहा जीव सुईतच अटकेल हाय. आली तशी माहा हातच धरून बसली. कोहळं करपलं ना?"

"नाही करपलं. लोकांनी दोनदा घेतलं."

"खोटं बोलते."

हे आमचं शेवटचं नीट बोलणं. तपासणीत रक्तात तेच जंतू सापडले जे कातडीवर असतात. औषध योग्य होतं, डॉक्टरीणबाईंनी ते पहिल्याच दिवशी सुरू केलं होतं. पण शुगरचं शरीर, आणि जंतू हृदयाच्या झडपेवर जाऊन बसलेले. नागपूरला न्यायचं का, असं भासऱ्यांनी विचारलं. वाटेतच जातील, असं त्यांना सांगण्यात आलं. गणपती विसर्जनाच्या दुपारी रस्त्यावर ढोल वाजत असताना त्या गेल्या. मी त्यांचे डोळे मिटवले. मानेतली नळी काढायला तिथली सिस्टर आली, तेव्हा मी बाजूला झाले. ते तिचं काम होतं.

घरी बायका जमल्या. बैठकीत जिथं महालक्ष्म्या उभ्या होत्या तिथल्या भिंतीला अजून माळांचे खिळे होते. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला तेच सांगत होत्या. "नैवेद्याच्या वक्ती रगत सांडलं. देवीनं तवाच पाठ फिरोली." सांडवलं कोणी, हे त्या सांगत नव्हत्या. गरज नव्हती. बायका माझ्याकडे बघत आणि मग पदर डोळ्याला लावत.

मी एकदा बोलले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, एकदाच. सुई हातात राहिली, ओली झाली, पिकली, विष रक्तात गेलं. काढल्यानं नाही, राहिल्यानं गेल्या. माझा नवरा दारात उभा होता, तो खाली बघत राहिला. घरामागे राहणाऱ्या एका बाई म्हणाल्या, "असं कसं? सुईनं कोनी मरते का? सारं जग सुया टोचून राहिलं." मी उठून आत गेले. सांगायचं ते सांगून झालं होतं.

मागच्या नळावर मी भांडी घासत होते तेव्हा सून येऊन उभी राहिली.

"काकू, ती पिशवी मी बांधून देल्ली होती. पानी लागू देऊ नोका म्हनले दवाखान्यात, म्हनून."

"मग बरोबरच ऐकलंस तू. पिशवीत पाणी शिरतं आणि शिरलं की बाहेर निघत नाही, हे कोणी सांगितलं होतं का?"

"नाई."

"मग ते डोक्यात ठेवू नकोस. ती परात घे इकडे."

तिनं परात घेतली. रडत घासली, पण स्वच्छ घासली.

भासरे त्या दिवसांत जेवत नव्हते. नातेवाइकांनी आणलेलं ताट तसंच परत जाई. अशक्तपणा आला, चक्कर आली, तेव्हा कोणीतरी गल्लीतल्या डॉक्टरला बोलावलं. आमच्या भागात दुःखाला, उन्हाला, परीक्षेला, कशालाही सलाईन लावतात. खिडकीच्या गजाला बाटली टांगली. मी तेव्हा दुकानात गेले होते. परत आले तर बाटली संपली होती, भासरे झोपले होते आणि डॉक्टर जाताना सांगून गेला होता की उद्या आणखी एक लावू, सुई राहू द्या. सासूबाई त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. त्या मला बघून म्हणाल्या, "त्याले उठवू नोको." मी उठवलं नाही.

सकाळी उजाडताच मी त्यांच्या खोलीत गेले. ते जागे होते, छताकडे बघत. डाव्या हातावर चिकटपट्टी, तिच्यावर ना तारीख ना वेळ, एक कोपरा चहाच्या डागानं तपकिरी झालेला. आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांना शिवत नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना पाण्याचा पेलासुद्धा हातात दिला नव्हता, खाली ठेवत असे. मी पदर खोचला, हात साबणानं धुऊन आले आणि कॉटजवळ बसून त्यांचा हात हातात घेतला.

ते दचकले. "राहू दे," म्हणाले. "आज लावनार हाय तो पुन्हा."

"लावू द्या. तेव्हा नवी टोचेल."

"उगा टोचाटोची."

"हो."

सासूबाई दारात आल्या होत्या. त्यांनी बघितलं. "सुतकात तरी," म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

मी पट्टी ओली करून सोडवली, नळी काढली, कापूस दाबून धरला. रक्त थांबेपर्यंत हात सोडला नाही. त्यांनीही काढून घेतला नाही. नंतर मी नळी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली, स्वयंपाकघरात जाऊन पाण्यात साखर आणि चिमूटभर मीठ घातलं, पेला त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "हे तोंडानं प्या." ते प्यायला लागले. पेला रिकामा होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले. मग डॉक्टरला फोन करून आज येऊ नका म्हणून सांगितलं.